मोजपट्टीची परीक्षा

४ डिसेंबर २००१ रोजी जर्मनीच्या शाळांचा निकाल लागला. आदल्या वर्षी ‘पिसा’ नावाची एक चाचणी ३२ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दिली गेली होती. वाचन, गणित आणि विज्ञान असे तिचे तीन भाग होते. ‘ओईसीडी’ या श्रीमंत देशांच्या संघटनेने ती घेतली होती आणि सदस्य देशांची सरासरी ५०० धरली होती. वाचनात जर्मनीला ४८४ गुण मिळाले, गणितात ४९० आणि विज्ञानात ४८७. फिनलंड वाचनात ५४६ वर होता. त्यांपैकी क्रमवारीत आलेल्या ३१ देशांत जर्मनी वाचनात एकविसावा आला.

आपल्याकडे मुलाला ‘केजी’त घातले असे म्हणतात. त्यातला किंडरगार्टन हा शब्द जर्मन आहे, तो फ्रोबेलने दिला. विल्हेल्म फॉन हुंबोल्टने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात शाळा आणि विद्यापीठांची जी घडी बसवली, तिचे अनुकरण पुढे जगभर झाले. आपल्या शाळा उत्तम आहेत हे जर्मनीत कोणी सिद्ध करत बसत नसे, कारण त्याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. त्यामुळे हा निकाल तिथे ‘पिसा-शॉक’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि कित्येक महिने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहिला.

सरासरीपेक्षा जास्त बोचले ते आतले आकडे. जवळपास २३ टक्के मुले वाचनाच्या पहिल्या पायरीवर किंवा तिच्याही खाली होती. म्हणजे साध्या मजकुरातली उघड दिसणारी माहिती शोधण्यापलीकडे त्यांची मजल जात नव्हती. शिवाय आईवडिलांची सांपत्तिक आणि सामाजिक स्थिती व मुलाचे गुण यांचे नाते जर्मनीत जितके घट्ट निघाले, तितके क्वचितच कुठल्या देशात होते. कामगाराचे मूल मागे आणि डॉक्टरचे पुढे, हे चित्र एका समृद्ध लोकशाहीने स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याची वेळ आली.

हे कळायला इतका उशीर का झाला, याचे उत्तर जर्मन व्यवस्थेच्या रचनेत आहे. तिथे शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. सोळा राज्ये, सोळा शिक्षणखाती, सोळा अभ्यासक्रम. सर्वांना एकत्र बसवणारी शिक्षणमंत्र्यांची कायम परिषद १९४८ पासून आहे, पण तिचे निर्णय एकमताने चालत आणि एकमत सावकाश होते. बहुतेक राज्यांत चौथी संपली की दहा वर्षांच्या मुलाची वाट ठरते. विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियुम, मधली रेआलशूले आणि कामधंद्याकडे नेणारी हाउप्टशूले, अशा तीन शाळा असत. सरकार काय शिकवायचे ते बारकाईने लिहून देई. शिक्षक प्रशिक्षित, वर्ग सुसज्ज, पुस्तके चांगली. एवढे आत घातले की बाहेर शिक्षण पडणारच, अशी धारणा होती. गुण देणारा तोच शिकवणारा, त्यामुळे ब्रेमेनमधल्या ‘चांगला’ या शेऱ्याची किंमत बव्हेरियात किती, हे सांगायची सोय नव्हती.

पहिला इशारा १९९७ मध्येच आला होता. गणित आणि विज्ञानाच्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जर्मन मुले मध्यावरच रेंगाळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोन्स्टान्स गावी मंत्र्यांच्या परिषदेने ठरवले की यापुढे अशा तुलनांत नियमित भाग घ्यायचा. आज मागे वळून पाहताना मला हा निर्णय पुढच्या सगळ्या निर्णयांपेक्षा धाडसाचा वाटतो. आरशासमोर उभे राहायचे त्यांनी स्वतः ठरवले. त्यानंतर जे दिसले त्याला नाही म्हणणे शक्य राहिले नाही. २००२ च्या जूनमध्ये राज्याराज्यांची तुलना प्रसिद्ध झाली. वाचनात बव्हेरिया ५१०, ब्रेमेन ४४८. एकाच देशाच्या दोन टोकांत एवढी दरी होती.

या चाचणीत विचारले तरी काय होते? प्रसिद्ध झालेल्या प्रश्नांपैकी एक भित्तिलेखनाचा आहे. शाळेची भिंत रंगवून विद्रूप करणाऱ्यांवर हेल्गा नावाची मुलगी पत्रातून चिडते. सोफिया दुसऱ्या पत्रात म्हणते की जाहिरातींचे फलकही कोणाला न विचारताच आपल्यावर लादले जातात. मुलांनी दोन्ही पत्रे वाचायची. दोघी कशासाठी लिहीत आहेत, सोफिया जाहिरातीचे उदाहरण का देते, आणि मत कोणाचेही असो, पत्र कोणाचे अधिक चांगले लिहिले आहे, हे कारणासह सांगायचे. पाठांतराने इथे निभाव लागत नाही. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवून घेतलेल्या मुलाला शेवटचा प्रश्न अनोळखी वाटणार. कितवा धडा संपला यापेक्षा मूल वाचून काय करू शकते, हे इथे मोजले गेले. शिक्षणशास्त्रातला ‘क्षमता’ हा शब्द इथून जर्मन राजकारणात शिरला.

देशभर एकच मानके हवीत, असे मंत्र्यांनी २००२ च्या मे महिन्यात ठरवले. ती कशी असावीत हे सांगण्याचे काम केंद्रीय शिक्षणमंत्री एडेलगार्ड बुल्मान यांच्या खात्याने तज्ज्ञांच्या एका गटाकडे दिले. फ्रांकफुर्टच्या शिक्षण संशोधन संस्थेतले एकहार्ड क्लीमे हे त्याचे प्रमुख. गणिताचे वेर्नर ब्लूम, विज्ञानशिक्षणाचे मानफ्रेड प्रेन्झेल, शिक्षणाच्या इतिहासाचे हाइन्झ-एल्मार टेनोर्थ अशी मंडळी त्यात होती. २००३ च्या फेब्रुवारीत त्यांचा अहवाल आला. या साऱ्या कहाणीत सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असा हाच दस्तऐवज आहे.

गटाने क्षमतेची व्याख्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्झ वाइनर्ट यांच्याकडून घेतली. ते २००१ च्या मार्चमध्ये, पिसाचा निकाल लागण्याआधीच वारले होते. त्यांच्या मते क्षमता म्हणजे नेमका प्रश्न सोडवण्यासाठी लागणारे ज्ञान आणि कौशल्य, आणि त्याबरोबरच ते वापरण्याची इच्छा व जबाबदारी. क्लीमे गटाने यापुढे एक पाऊल टाकले. मानक म्हणजे नुसती अपेक्षांची यादी असून चालणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक मानकाच्या मागे क्षमतेचे एक प्रतिमान हवे. म्हणजे त्या विषयातल्या क्षमतेचे पैलू कोणते, ती मुलाच्या मनात कोणत्या पायऱ्यांनी वाढते, खालच्या पायरीवरचे मूल काय करू शकते आणि वरच्या पायरीवरचे काय. आणि हे प्रतिमान मुलांवर चाचणी घेऊन तपासलेले हवे.

या अटीचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही. समजा, अभ्यासक्रम समितीच्या टेबलावर चार अनुभवी माणसे बसली आणि म्हणाली की मूल आधी आकृतीतली माहिती वाचते, मग दोन बाबींची तुलना करते, मग कारण सांगते. ऐकायला हे पटते. पण ते अजून मत आहे. शंभर मुलांना ते प्रश्न दिले आणि कारण सांगणारी मुले तुलनेत अडखळली, तर ती शिडीच चुकलेली असते. तशा शिडीवर मुलांना उभे करून ‘हा तिसऱ्या पायरीवर, ही पहिल्या’ असे शिक्के मारणे हा अन्याय आहे. मुलांची परीक्षा घेण्याआधी मोजपट्टीची परीक्षा झाली पाहिजे, हे अहवालाचे खरे म्हणणे होते.

दुसरी शिफारस तितकीच वजनदार होती. मानके किमान पातळीची असावीत, म्हणजे ज्याखाली एकाही मुलाला राहू द्यायचे नाही अशी रेषा आखावी, असे गटाने म्हटले. त्यामागची भूमिका सरळ होती. वरची मुले कुठेही तरतात. समाजाची जबाबदारी खाली राहिलेल्यांबद्दल आहे, आणि किमान रेषा आखली की ती जबाबदारी कागदावर येते.

मंत्र्यांनी मानके स्वीकारली. पिसाच्या निकालाला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, ४ डिसेंबर २००३ ला, दहावीसाठी जर्मन भाषा, गणित आणि पहिली परकीय भाषा यांची मानके मंजूर झाली. पुढच्या वर्षी चौथीची, नववीच्या हाउप्टशूलेची, आणि डिसेंबरात जीवशास्त्र, रसायन व भौतिकशास्त्राचीही. जर्मनीच्या मानाने हा वेग अचंबित करणारा होता. पण किमान पातळी त्यांनी घेतली नाही. त्यांनी मधली पातळी घेतली, म्हणजे सर्वसाधारण मुलाने सरासरी काय साधावे ती. किमान रेषा आत्ताच आखली तर ती फार वर जाईल की फार खाली, हे कळायला हाताशी चाचण्याच नाहीत, असे कारण परिषदेने दिले.

हे कारण खोटे नव्हते. मानके आधी आली आणि त्यांना आधार देणारी तपासलेली प्रतिमाने नंतर यायची होती. गणिताचे उदाहरण घ्या. मानकांत सहा सर्वसाधारण क्षमता होत्या. युक्तिवाद, समस्या सोडवणे, प्रत्यक्ष परिस्थितीचे गणितात रूपांतर, आकृत्यांचा वापर, चिन्हांचा आणि सूत्रांचा वापर, आणि संवाद. संख्या, मापन, अवकाश व आकार, फल-संबंध, माहिती व संभाव्यता या पाच मुख्य कल्पना. आणि पुनरुत्पादन, संबंध जोडणे, सामान्यीकरण हे अपेक्षेचे तीन स्तर. रचना देखणी होती. पण ती विषयतज्ज्ञांनी विचाराने बांधली होती. तिसऱ्या स्तरावरचा प्रश्न मुलांना खरोखरच दुसऱ्या स्तरावरच्यापेक्षा अवघड जातो का, हे त्या दिवशी कोणालाही ठाऊक नव्हते. एकच उदाहरण सोडवताना मूल युक्तिवाद करते, आकृती काढते आणि सूत्रही वापरते. मग सहा क्षमता सहा वेगळ्या खणांत मोजायच्या कशा, हाही प्रश्न उरला होता. तरीही मंत्री थांबले नाहीत, आणि मला वाटते ते योग्यच होते. संशोधन पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर तो राजकीय क्षण निसटला असता. मात्र किमान रेषा पुढे ढकलण्याची किंमत कोणी मोजली, ते पुढे येईलच.

तपासणीसाठी २००४ च्या अखेरीस बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात राज्यांनी मिळून एक संस्था काढली. शिक्षणाच्या गुणवत्ता विकासाची ही संस्था तिच्या जर्मन आद्याक्षरांनी ‘इ-क्यू-बी’ म्हणून ओळखली जाते. ओलाफ क्योलर तिचे पहिले संचालक. २००६ मध्ये प्ल्योन गावी परिषदेने सगळ्याची साखळी जुळवली. आंतरराष्ट्रीय तुलना, राज्यांची तुलना, आणि तिसरी आणि आठवीच्या सर्व वर्गांत शिक्षकाच्या उपयोगासाठी घ्यायच्या तुलनात्मक चाचण्या.

इ-क्यू-बीचे काम कसे चाले ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. प्रश्न लिहीत ते वेगवेगळ्या राज्यांतले शाळाशिक्षक. त्यांना आधी प्रश्नलेखनाचे प्रशिक्षण दिले जाई. विषयाचे अभ्यासक प्रत्येक प्रश्न वाचून दुरुस्त करत किंवा काढून टाकत. मग पथदर्शी चाचणी होई. आपल्या डीएडच्या पुस्तकांत ज्याला काठिण्य पातळी म्हणतात, ती इथे शिक्षकाच्या अंदाजाने ठरत नसे, मुलांच्या उत्तरांवरून ठरे. एका मुलाला सगळे प्रश्न देणे अशक्य, म्हणून प्रश्न पुस्तिकांत वाटून दिले जात आणि काही प्रश्न अनेक पुस्तिकांत समान ठेवले जात. त्यांच्या आधारे सगळी मुले आणि सगळे प्रश्न एका पट्टीवर आणता येत.

ही पट्टी डेन्मार्कच्या गेओर्ग राश या गणितज्ञाची देणगी आहे. १९५० च्या दशकात वाचनात मागे पडलेल्या डॅनिश मुलांच्या नोंदी त्याच्याकडे आल्या. ही मुले खास वर्गांत गेल्यावर किती सुधारली, हे त्याला सांगायचे होते. पण वर्षागणिक मुलांना वेगवेगळे उतारे दिले गेले होते, मग तुलना कशी करायची? त्याने मुलाची कुवत आणि उताऱ्याची अवघडता एकाच मापात मांडली. दोन्ही जिथे सारखी, तिथे उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. कुवत वर तर शक्यता जास्त, खाली तर कमी. १९६० मध्ये त्याने हे पुस्तकरूपाने मांडले. मागे पडलेल्या मुलांसाठी केलेले हे गणित चाळीस वर्षांनी साऱ्या जगाच्या शालेय चाचण्यांचा कणा झाले.

प्रश्न अवघडतेप्रमाणे ओळीने लागले, पण पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते? ते आकडा सांगत नाही. त्यासाठी शिक्षक, विषयतज्ज्ञ आणि शिक्षण प्रशासनातली माणसे एकत्र बसवली गेली. त्यांच्यापुढे सोप्यापासून अवघडापर्यंत लावलेल्या प्रश्नांची पुस्तिका ठेवली जाई, पानावर एक प्रश्न. जेमतेम त्या पातळीचे मूल इथपर्यंत बहुधा पोचेल आणि यापुढे अडेल असे जिथे वाटेल, तिथे खूण ठेवायची. मग सर्वांच्या खुणा समोर मांडायच्या, प्रत्यक्ष मुलांचे आकडे दाखवायचे, चर्चा करायची आणि पुन्हा खूण ठेवायची. यातून पाच पायऱ्या ठरल्या. दुसरी पायरी किमान मानक, तिसरी सर्वसाधारण, पाचवी सर्वोत्तम. पहिलीवरचे मूल किमान रेषेच्या खाली. अशा तऱ्हेने २००३ मध्ये बाजूला ठेवलेली किमान रेषा चाचण्यांच्या दाराने परत आत आली. फरक एवढाच की ती आता मोजमापाची रेषा होती, मंत्र्यांनी मुलांना दिलेली हमी नव्हती.

विज्ञानात काम अधिक कठीण होते. मानकांनी विज्ञानाचे चार भाग पाडले होते. विषयज्ञान, ज्ञान मिळवण्याची रीत म्हणजे प्रयोग आणि निरीक्षण, संवाद, आणि मूल्यनिर्णय. यांची प्रतिमाने बांधून तपासण्यासाठी एसेन येथील विद्यापीठाभोवती एक मोठा प्रकल्प उभा राहिला. भौतिकशास्त्राचे हान्स फिशर, रसायनाच्या एल्के झुम्फ्लेथ, अलेक्झांडर काउएर्त्झ, माइक वाल्पुस्की हे त्यातले प्रमुख. त्यांनी प्रश्नाची गुंतागुंत पाच थरांत मांडली. एक तथ्य, दोन तथ्ये, एक संबंध, दोन संबंध, आणि सर्वांवर छत्री धरणारी संकल्पना. त्याला छेद देणारी बौद्धिक कृतींची दुसरी ओळ होती. माहिती जशीच्या तशी काढणे, निवडणे, रचणे, जोडून घेणे.

मेणबत्ती झाकली की विझते, हे एक तथ्य. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की ज्योत मंदावते, हा संबंध. जळणे, गंजणे आणि आपला श्वास यांत एकाच प्रकारची रासायनिक देवघेव आहे, ही संकल्पना. तर्काने ही चढण बरोबर आहे. पण प्रश्न अवघड होण्याची कारणे इतरही असतात. उतारा लांब असतो, पर्यायी उत्तरांऐवजी स्वतः लिहायला सांगितलेले असते, विषय घरात ऐकलेला असतो किंवा नसतो. म्हणून प्रत्येक प्रश्न कोणत्या थराचा आणि कोणत्या कृतीचा हे आधी लिहून ठेवायचे, मुलांच्या उत्तरांतून निघालेली अवघडता त्याशेजारी मांडायची, आणि दोन्ही किती जुळतात ते पाहायचे. प्रतिमान तपासणे म्हणतात ते हेच. २००७ ते २०१३ या काळात जर्मन संशोधन निधीने क्षमता-प्रतिमानांवर एक स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमच चालवला. क्लीमे आणि देत्लेफ लॉयटनर यांनी त्याचा समन्वय केला.

तपासलेल्या पट्टीवर राज्यांची पहिली तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, भाषांची. २०१२ मध्ये चौथीची. २०१३ मध्ये गणित आणि विज्ञानाची, सुमारे ४४ हजार मुलांवर आधारलेली. यावेळी सॅक्सनी सर्वांत वर होती. गणितात ५३६, तर ब्रेमेन ४७१. हे अंतर सुमारे दोन शालेय वर्षांइतके मानले गेले. या विज्ञान चाचणीत विषयज्ञान आणि ज्ञान मिळवण्याची रीत हे दोनच भाग होते. संवाद आणि मूल्यनिर्णय मोजले गेले नाहीत. मानकाला चार पाय आणि पट्टीला दोन. जे मोजले जात नाही ते वर्गात मागे पडते, हा कोणत्याही शिक्षकाचा अनुभव आहे, आणि मुलाने विज्ञानाच्या आधारे नीट मत बनवावे हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी ही उणीव डोळ्यांआड करू नये.

विरोधही झाला, आणि तो वरवरचा नव्हता. ऑस्ट्रियाचे तत्त्वचिंतक कोनराड पाउल लीसमान यांनी म्हटले की क्षमतांच्या नादात ज्ञानाचा गाभाच हरवतो आहे. फ्रांकफुर्टचे जीवशास्त्र-शिक्षणाचे प्राध्यापक हान्स पेटर क्लाइन यांनी एक प्रयोग केला. शाळा संपवताना दिली जाणारी, विद्यापीठाचे दार उघडणारी परीक्षा म्हणजे आबिटूर. तिची विशेष स्तराची, नव्या धर्तीची जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका त्यांनी नववीच्या वर्गाला दिली. या मुलांना त्यातला घटक शिकवलाच नव्हता. तरी बहुतेक मुले उत्तीर्ण झाली, कारण लागणारी माहिती सोबतच्या उताऱ्यांत आणि तक्त्यांतच होती. ही पत्रिका जीवशास्त्र मोजत होती की वाचन? क्लाइन यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. मात्र तो मानकांच्या विचाराविरुद्ध जात नाही. तो सिद्ध करतो ते एवढेच की ती पत्रिका न तपासलेल्या प्रतिमानावर उभी होती. क्षमतेचे नाव घेऊन बनवलेली प्रत्येक प्रश्नपत्रिका क्षमता मोजतेच असे नाही.

मराठी शिक्षकांना हे सारे वाचताना काही आठवेल. १९९० मध्ये केंद्र सरकारने आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने प्राथमिक वर्गांसाठी किमान अध्ययन पातळ्या ठरवल्या. त्यावरून महाराष्ट्रात १९९५ चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. क्षमतांना क्रमांक होते, नोंदवह्यांत त्या क्रमांकांपुढे खुणा करायच्या होत्या, आणि शिक्षकांचे कित्येक तास त्या रकान्यांत गेले. आपण जर्मनीच्या एक तप आधी किमान पातळीचा विचार केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता क्रमांक घालून उतरवल्या तरी मूल त्याच क्रमाने शिकते का, हे पाहणारी प्रश्नपेढी आणि ती चालवणारी कायमची संस्था आपण त्यासोबत उभी केली नाही. पुढे अध्ययन निष्पत्ती आल्या, नवी सर्वेक्षणे आली. यादी बदलली की शाळेत आधी नोंदवही बदलते, हा अनुभव महाराष्ट्रातल्या शिक्षकाला पुन्हा पुन्हा आला आहे.

जर्मनीत या सगळ्याने मुले अधिक शिकली का? सुरुवातीला चित्र आशादायक होते. २०१२ च्या पिसात वाचन ५०८, गणित ५१४, विज्ञान ५२४. तिन्ही सरासरीच्या वर, आणि खालच्या पायरीवरच्या मुलांचे प्रमाणही घटलेले. अनेक राज्यांनी हाउप्टशूले बंद करून शाळा एकत्र केल्या, दिवसभराच्या शाळा वाढवल्या, लहान मुलांच्या भाषेकडे लक्ष दिले. श्रेय मानकांचे किती आणि या बदलांचे किती, हे वेगळे काढता येत नाही. मग उतरण लागली. २०२२ च्या पिसात वाचन ४८०, गणित ४७५, विज्ञान ४९२, म्हणजे वाचन आणि गणितात २००० पेक्षाही खाली.

चौथीची पट्टी याहून स्पष्ट बोलते, कारण ती त्याच मानकांवर दर पाच वर्षांनी लावली जाते. गणितात किमान रेषेच्या खाली राहिलेली मुले २०१६ मध्ये १५.४ टक्के होती, २०२१ मध्ये २१.८ टक्के. वाचनात १२.५ वरून १८.८. शुद्धलेखनात २२.१ वरून ३०.४. मधल्या काळात करोनाने शाळा बंद होत्या, घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले होते आणि शिक्षकांची टंचाई होती. पण २०११ ते २०१६ मध्येही घसरण दिसली होती, तेव्हा करोना नव्हता. पट्टी तिचे काम चोख करत होती. ताप किती हे ती सांगत होती आणि औषध देणारे हात कमी होते. ज्या मुलांना ती पहिल्या पायरीवर दाखवत होती, त्यांच्यासाठी काय करायला आपण बांधील आहोत, हे कोणत्याही मानकात लिहिलेले नव्हते. मधली पातळी निवडल्याची किंमत या मुलांनी मोजली, असे माझे ठाम मत आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी जर्मनीच्या केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून एक कार्यक्रम सुरू केला. दहा वर्षे, २० अब्ज युरो, सुमारे ४ हजार शाळा, त्यांतल्या बहुसंख्य प्राथमिक आणि सगळ्या गरीब वस्त्यांतल्या. त्याचे उद्दिष्ट एका वाक्यात मांडता येते. या शाळांत जर्मन आणि गणितात किमान मानकाखाली राहणाऱ्या मुलांची संख्या कार्यक्रम संपेपर्यंत निम्मी करायची. क्लीमे गटाने ती किमान रेषा मागितली त्याला तेव्हा एकवीस वर्षे उलटली होती. २००३ मध्ये पहिलीत गेलेली मुले त्या ऑगस्टमध्ये सत्तावीस वर्षांची झाली होती.